होडी तिकडे, आम्ही घरी

होडीत बसलेलं असताना फारसं काही घडत नाही. वारा असला तर होडी चालते, वारा पडला तर आपण शेंगदाणे खात बसतो. किस्से घडतात ते होडी परक्या गावात बांधून आपण बसने घरी गेल्यावर. आपण तिथे नसतो, गाव असतं, आणि गावाला नुसतं बघत बसणं जमत नाही. एका मोसमात आमच्याकडे असे इतके किस्से साचले, की कोरगावात माझ्याकडे चहाला आलेलं माणूस उठता उठता म्हणतं, "बाई, तो वेंगुर्ल्याचा सांगा ना." वेंगुर्ल्याचा सांगायचा तर बेतीचा आधी सांगावा लागतो. म्हणून सगळे ओळीनेच सांगते.

आम्ही तिघं होतो. मी पेडण्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. माझा थोरला भाऊ, त्याला सगळे भाई म्हणत, डिचोलीला खाणीच्या ऑफिसात होता. आमचं माहेर नार्वे, मांडवीच्या काठावर. तिसरा तुकाराम. हा गडहिंग्लजकडचा, खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर. गोव्यात येईपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता, आणि पोहायला त्याला शेवटपर्यंत आलं नाही. भाईने त्याच्याकडून होडीसाठी लोखंडी नांगर करून घेतला. नांगर हातात देताना तो म्हणाला, "मी केलाय, तर पाण्यात टाकायला बी मीच येणार." त्याला नाही म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

गोवा राज्य झालं तो काळ. मराठी की कोंकणी या भांडणाची धग अजून विझली नव्हती. आम्ही घरात जे बोलायचो त्याला कुणी कोंकणी म्हणे, कुणी मालवणी. शाळा मराठी, देवळातली आरती मराठी. भाई मराठीच्या मोर्च्यांत चालून आलेला. एका रविवारी नदीकडे बघत तो म्हणाला, "शालन, आपलं उलोवप, आपलं बोलणं, खंय सोंपता तें पळोवया. वडिलांची होडी काढू आणि किनाऱ्याने वर वर जाऊ. जिथे आपलं बोलणं लोकांना कळेनासं होईल, तिथून परत."

वडिलांची होडी म्हणजे दिवाडी बेटावर नारळ नि भात पोचवायची साधी लाकडी होडी. ते गेल्यापासून खोपीत पडून होती. भाईने तिला डोलकाठी उभारली, शीड शिवून घेतलं. अडचण एकच होती. सलग रजा कुणालाच नव्हती. शनिवारचा अर्धा दिवस आणि रविवार, एवढंच आमचं. म्हणून ठरलं की तुकड्या-तुकड्यांनी जायचं. रविवारी जिथे पोचू तिथे होडी ठेवायची, बसने घरी यायचं, जमेल त्या शनिवारी तिथून पुढे निघायचं.

नार्व्याच्या अंगणात धाकट्या काकांनी दहा जणांसमोर सुनावलं, "सुट्टी नाही त्यांनी दर्यात जाऊ नये. आणि बायकांनी सुट्टी असली तरी जाऊ नये. मधले सगळे दिवस होडी कोण बघणार?"

मी म्हटलं, "जे गाव असेल ते."

काका खूप हसले. त्या हसण्यानेच माझं जायचं पक्कं झालं. तोवर मी जराशी घाबरलेलीच होते.

*

पहिलं भांडण आमचं आमच्यातच झालं, होडीच्या नावावरून. भाईला 'आई' लिहायचं होतं. माझं म्हणणं, घरात आपण तिच्याबद्दल बोलताना 'आवय' म्हणतो, मग 'आवय' लिहू. भाई म्हणाला, "म्हणजे तू त्यांच्या बाजूची झालीस." मी म्हटलं, "मी आईच्या बाजूची आहे." काही दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. राज्यात जे चाललं होतं तेच आमच्या खोपीत चाललं होतं.

तुकाराम मात्र ऐकत होता. वर्कशॉपात मशिनींवर पाट्या रंगवायचं कामही त्याच्याकडेच असे. एका शनिवारी आम्ही पोचलो तर होडीच्या मागच्या फळीवर लाल रंगात, ढब्बू अक्षरांत लिहिलेलं, 'हात लावू नये'.

"हे काय?" भाईने विचारलं.

"तुमी होडी सोडून जानार," तुकाराम म्हणाला. "मागनं तिचं नाव वाचून कोन काय करनार? ह्ये वाचलं तर निदान हात तरी लावनार न्हाईत."

भाईने माझ्याकडे बघितलं. मी शिक्षिका, सवयीने आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. सगळं बरोबर होतं. मग तेच नाव राहिलं. पुढे अख्खा किनारा आमच्या होडीला त्याच नावाने ओळखू लागला. लोक सरळ विचारायचे, "हात लावू नये कधी आली?"

*

पहिला टप्पा नार्वे ते बेती. मांडवीत तेव्हा लोहखनिजाच्या बार्जेसची रांग असे. त्या घरंदाज बायकांसारख्या मधून चालत, कुणासाठी बाजूला होत नसत. आम्ही काठाकाठाने गेलो. पणजीजवळ पूल पडलेला, फेरीबोटी मुंग्यांसारख्या इकडून तिकडे. त्यातून वाट काढून बेतीच्या धक्क्याला लागलो. भाई आणि मी ओळखीच्या माणसाशी बोलायला गेलो आणि तुकारामला म्हटलं, होडी नीट बांध.

त्याने नीट बांधली. गावाकडे तो बैल बांधायचा. पाणी भरतीचं होतं, होडी धक्क्याच्या काठाला टेकलेली. त्याने दोन्ही दोऱ्या आखूड धरल्या आणि अशा आवळल्या की होडी हलायची सोय राहिली नाही. आम्ही परत येऊन गाठी बघितल्या. गाठी सुंदर होत्या. शाबासकी देऊन आम्ही बस पकडली.

पुढच्या शनिवारी दुपारी आलो तर धक्क्यावर गर्दी. ओहोटी लागलेली. पाणी पार खाली गेलेलं आणि आमची होडी धक्क्याच्या भिंतीला, माळ्यावर टांगलेल्या पाळण्यासारखी लोंबकळत होती. आतली वल्ही, डबा, दोरखंड सगळं खाली चिखलात. लोक बघत उभे होते. फळीवरची अक्षरं सगळ्यांना वाचता येत होती आणि कुणी हात लावला नव्हता.

तुकाराम काठावर जाऊन वाकला. मग म्हणाला, "पानी गेलं कुठं?"

भाईने त्याला भरती-ओहोटी समजावली. दर दिवशी दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, म्हणून दोरी सैल हवी, नांगर लांब टाकायला हवा. तुकारामला ते पटेना. "आमची हिरण्यकेशी पावसाळ्यात चढती, उन्हाळ्यात उतरती," तो म्हणाला. "दिवसातनं दोनदा वर-खाली करायला तिला सवड न्हाई."

होडी खाली उतरवायला धक्क्यावरचे सगळे धावून आले. भरती यायची वाट बघा, एवढं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही. आम्हांलाही नाही.

*

दुसऱ्या टप्प्यात आग्वादाच्या टोकाला वळसा घालून शापोऱ्याला आलो. आता आम्ही दोरी सैल सोडायला शिकलो होतो. दोरी जिथे दगडाला घासते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे, शीड आणि सुकाणू काढून कुणाच्या तरी घरी ठेवायचं, म्हणजे कुणी होडी ओढून नेली तरी फार लांब जाणार नाही, हेही शिकलो होतो. पण जेटीवरच्या साहेबाचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"इथे बेवारशी होडी ठेवता येणार नाही," तो म्हणाला.

"बेवारशी नाही, आमची आहे. पुढच्या शनिवारी येतो."

"मालक समोर नाही म्हणजे बेवारशी."

मला आवाज चढवायची सवय आहे, चाळीस मुलांचा वर्ग घेणाऱ्या बाईला असतेच. मी विचारलं, "तुमची स्कूटर बाहेर उन्हात आहे आणि तुम्ही आत पंख्याखाली. मग ती बेवारशी का?"

तो शांतपणे म्हणाला, "तिला कुलूप आहे."

तुकारामने येताना साखळी आणलीच होती. बाजारातून मोठं कुलूप घेतलं, होडी साखळीने जेटीच्या कडीला लावली, साहेबाला किल्ली दाखवली आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या खेपेला किल्ली घातली तर फिरेना. खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजून गेलेलं. तुकारामने जोर लावला तशी किल्ली अर्धी आत राहिली. मग त्याने पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि दिवसाढवळ्या, भर जेटीवर, साखळी कापायला बसला. साहेब धावत आला. माणसं जमली. मागच्या खेपेला आमच्याशी एवढा वाद घातलेला माणूस, आता आम्हांला ओळखेना.

"होडी तुमची कशावरून?"

"मागच्या रविवारी मी तुमच्याशी भांडले नाही का?"

"माझ्याशी पुष्कळ लोक भांडतात," तो म्हणाला.

तेवढ्यात मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांतली एक उठली. "होडी हिचीच," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या टोपलीतल्या बांगड्यांसाठी हिने एवढ्या उन्हात उभं राहून घासाघीस केली. चोरी करूंक आयिल्ली बायल बांगड्यांचो भाव करीत रावना."

साहेबाला हे पटलं. लोकांनाही पटलं. त्या दिवशी मी तिने सांगितलेल्या भावाने बांगडे घेतले, तोंडातून शब्द न काढता.

त्यानंतर आम्ही कुलूप कधी नेलं नाही. नव्या गावात होडी ठेवली की पहिल्यांदा मासे घ्यायला जायचं आणि थोडं भांडायचं, लक्षात राहण्यापुरतं.

*

तिसरा टप्पा मोरजी, हरमल मागे टाकून केरीला. इथे माझी परीक्षा होती, कारण केरी सासूबाईंचं माहेर. तिरकोलच्या खाडीकाठी त्यांच्या भावाचं घर, पुढे माडांचं बन. आमच्या ह्यांना फेरीबोटीतसुद्धा मळमळतं, त्यामुळे ते होडीपासून लांब राहिले होते. पण त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. सासूबाईंनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शिकलेल्या बाईने गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून होडीतून उतरावं, तेही त्यांच्या माहेरी, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

शाळेच्या परीक्षा जवळ आल्या. होडी बरेच आठवडे राहणार होती. आम्ही ती ओढून बनात, माडांच्या सावलीत आणली. सासूबाई त्या दिवशी भावाकडे आलेल्या, पडवीतून बघत होत्या. कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माडाखाली ठेवतात. नारळ पडून भगदाड पडलं की कळेल." त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, हवेशी बोलल्या होत्या. आम्ही मुकाट्याने होडी उघड्यावर सरकवली.

मग भावकीतले चार पुरुष मिळून कोरगावच्या आमच्या घरी आले. म्हणाले, सुनेला आवरा, लोक हसतात, होडी परत नार्व्याला पाठवा. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. हातात झारा होता, तो तसाच घेऊन बाहेर जावं की ठेवून जावं, एवढाच विचार करत होते.

सासूबाई म्हणाल्या, "ती माझी सून. तिच्याशी मी अबोला धरलाय. माझा अजून संपला नाही. तुमचा नंबर मागाहून."

पुरुष चहा न घेता गेले. सासूबाई आत आल्या, माझ्या हातातला झारा घेतला आणि तळण पुढे चालू केलं. अबोला त्यांनी तरीही सोडला नाही.

मे महिन्यात आम्ही होडी घ्यायला केरीला गेलो. होडीत पाय ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिरंडाची सालं, म्हणजे कोकमं, वाळत घातलेली. सासूबाई भावाकडे येऊन राहिल्या होत्या आणि गेले कित्येक दिवस होडीत सालं पसरून, त्यांवर रस शिंपडून, राखण करत बसल्या होत्या. कावळे, बकऱ्या, पोरं, कुणालाही त्यांनी होडीच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. इतकी चोख राखण आम्हांला पुढे कुठेच मिळाली नाही.

"रिकामी पडली होती," त्या म्हणाल्या. या वेळी माझ्याकडे बघून.

*

कोकमं काढली, पण फळ्यांत मुरलेला लाल रंग काही गेला नाही. रेडीला आम्ही पिण्याचं पाणी घ्यायला उतरलो. होडी वाळूवर ओढली, नांगर वर नेऊन रोवला आणि विहिरीकडे गेलो. परतलो तर गणवेशातले दोघे होडीपाशी उभे. किनाऱ्यावर तेव्हा चोरटा माल उतरायचा, त्यामुळे धन्याशिवाय दिसलेली होडी त्यांनी बघणं बरोबरच होतं. पण त्यांची नजर आतल्या लालभडक डागांवर खिळली होती. डाग बसायच्या फळीवर होते, वल्ह्यांवर होते, शिडाच्या एका टोकालाही लागले होते.

"किती माणसं होता होडीत?" थोरल्याने विचारलं.

"तीनच," भाई म्हणाला.

"आता तीन. निघताना किती?"

भाई समजावू लागला. तो जितका समजावी तितके ते गंभीर होत गेले. सासूबाई, अबोला, भिरंडं, हे सगळं एका दमात ऐकणाऱ्याला खरं वाटेल असं नव्हतंच. धाकट्याने तर तुकारामचा दंडच धरला. मला संताप आला. मी म्हटलं, "साहेब, माणसाला धरण्याआधी एकदा फळीला बोट लावा आणि ते बोट चाखून बघा."

"वेड लागलंय का, बाई?"

"भिता का?"

तो खरंच भ्यायला होता. पण बाईमाणसाने असं विचारल्यावर त्याला मागे सरता येईना. त्याने ओल्या फळीवर बोट घासलं, डोळे मिटले आणि जिभेला लावलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"सोलां," तो जोडीदाराला म्हणाला. मग भाईकडे वळून, सगळा सरकारी आवाज विसरून, "बरी आसत. खंयची?"

*

वेंगुर्ल्याला भाईचं मन मोडलं. ते मी हसत सांगते, पण त्या दिवशी हसू नव्हतं.

बंदरावर होडी लावायला आम्ही जागा बघत होतो. तिथल्या एका गृहस्थाने, बहुधा त्याची स्वतःची दोन-तीन गलबतं असावीत, विचारलं, कुठले? भाई म्हणाला, गोव्याचे. गृहस्थ म्हणाला, "गोव्याचे का? मग परराज्यातले तुम्ही. आता तुमचं राज्य वेगळं झालंय. परक्या होड्या आम्ही इथे नाही लावू देत."

भाई उन्हातान्हात मराठीच्या नावाने चालला होता, नातेवाइकांशी त्यासाठी वैर घेतलं होतं, बहिणीशी 'आई' आणि 'आवय'वरून अबोला धरला होता. आणि मराठी मुलखात पहिल्यांदाच होडी लावायला जागा मागितली, तर शब्द ऐकला, तो परका.

"तुम्ही आणि मी एकच बोलतो," भाई म्हणाला. "तुमचं मला सगळं कळतं, माझं तुम्हांला सगळं कळतं. परका कसा?"

"ता खरां," गृहस्थ म्हणाला, "पण नियम तो नियम."

भाई होडीकडे वळला. म्हणाला, "चल शालन. परत जाऊ." त्याने खरोखरच दोरी सोडायला घेतली. मी त्याचा हात धरून उभी राहिले.

तेव्हा तुकाराम पुढे झाला. छाती काढून म्हणाला, "होडी माझी हाय. हे दोगं माझ्याबरूबर आल्यात. लावा म्हंतो हितंच."

गृहस्थाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कुठला?"

"कोल्हापूर जिल्हा. म्हाराष्ट्र."

"गाव?"

"गडहिंग्लज."

"तिकडे समुद्र आहे?"

"न्हाई," तुकाराम म्हणाला. "म्हनून तर हितं लावतोय."

गृहस्थ आधी हसला नाही. मग मागे बसलेला एक म्हातारा खोकत खोकत हसायला लागला, आणि त्याचं बघून गृहस्थालाही आवरेना. होडी तिथेच लागली. इतकंच नाही, शीड आणि सुकाणू त्या गृहस्थाने स्वतःच्या माडीवर नेऊन ठेवलं.

बसमध्ये भाई खिडकीबाहेर बघत होता. सावंतवाडी गेल्यावर म्हणाला, "तुकाराम, होडी आता तुझीच. मी तुझ्याबरोबर येणार."

"या की," तुकाराम म्हणाला. "पर दोरी मी बांधनार."

*

आता शेवटचा. मालवणच्या पुढे एक खाडी आहे. तिचं नाव मी कुणाला सांगत नाही. तिथे भिकाजी नावाचा मच्छीमार आणि त्याची बायको पार्वती राहतात. पाऊस तोंडावर आलेला, त्याआधीची ही आमची शेवटची खेप. तुकाराम भावाच्या लग्नासाठी गावी गेला होता. भाई आणि मी भिकाजीला विचारलं, होडी इथे ठेवू का?

"माका जबाबदारी नको," तो म्हणाला. "समोर लावा. दिसात तितकी बघीन." आमच्या होडीशेजारी त्याची स्वतःची होडी होती, आमच्यापेक्षा जुनी, पण रोज पाण्यात जाणारी.

आम्ही घरी आलो आणि त्याच आठवड्यात एका दुपारी वादळ झालं. पावसाळा सुरू व्हायच्या आधी समुद्रातून उठतं तसं. कोरगावात कौलं उडाली, काजू मोडून पडले. वीज नाही, तिकडची काही खबर नाही. धाकट्या काकांनी नार्व्याहून निरोप धाडला, होडीच्या नावाने पाणी सोडा आणि गप्प बसा. शनिवारी मी आणि भाई निघालो. पडलेल्या झाडांमुळे बस थांबत थांबत गेली.

खाडीवर पोचलो. होडी लावली होती ती जागा मोकळी होती. भाई वाळूत बसला.

पार्वतीने लांबूनच हाक मारली. आमची होडी तिच्या घराच्या मागे, उंचावर, फणसाच्या झाडाला सगळ्या बाजूंनी बांधलेली होती. एक ओरखडासुद्धा नव्हता. भिकाजीने शेजाऱ्यांना घेऊन वादळात ती वर ओढली होती.

"तुमची होडी बरी आसा," पार्वती म्हणाली. तिच्या आवाजात काडीचा गोडवा नव्हता. "बघा आणि जावा."

मग मला किनाऱ्यावरच्या फळ्या दिसल्या. भिकाजीची होडी दगडांवर आपटून फुटली होती. एकच ओढायला वेळ होता.

भाईने विचारलं, "तुमची आधी का नाही काढली?"

भिकाजी जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "माझी गेली तर माका कोण इचारतलो? तुमची गेली असती तर तुम्ही येऊन इचारलां असतास."

पार्वती बोलतच होती, आणि तिचं बोलणं खरं होतं. पोट कशावर भरायचं, हे तिने त्याला विचारलं, आम्हांला विचारलं, समुद्राला विचारलं.

भाई म्हणाला, "आमची होडी तुम्ही घ्या."

"माका कोणाची मेहेरबानी नको," पार्वती म्हणाली.

"मेहेरबानी नाही, वहिनी. लाकडी होडी कोरडी पडून राहिली की फळ्या आकसतात, फटी पडतात. दिवाळीपर्यंत आम्हांला यायला जमणार नाही. कुणीतरी ती पाण्यात ठेवायला हवी, चालवायला हवी."

"म्हणजे तुमचा काम आमी करूचा?"

"हो."

"फुकट?"

"फुकट."

पार्वतीने नवऱ्याकडे बघितलं. "मगे चलात," ती म्हणाली. म्हणजे चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघंही गेलो. सकाळची वेळ, मतलई, म्हणजे जमिनीकडून वाहणारा, वारा सुटलेला, खाडीचं पाणी स्वच्छ. होडी जागेवर नव्हती. पार्वतीने पडवीत चटई टाकली, चहा केला, चकल्या दिल्या. "समुद्रात गेलेत. येतीत आता," ती म्हणाली. आम्ही पुढच्या टप्प्याची तयारी करून आलो होतो. तुकारामने नवीन दोरी आणली होती. तिघंही चहा पीत खाडीच्या तोंडाकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने शीड दिसलं. भिकाजी वारा कापत झोकात आत येत होता. होडी इतकी हलकी चालताना मी कधी बघितली नव्हती. आमच्या हातात ती अशी कधी चाललीच नाही. तो जवळ आला, पडवीतले आम्ही त्याला दिसलो, तुकारामच्या हातातली नवी दोरीही दिसली. त्याने हात वर केला. भाईनेही केला.

मग भिकाजीने सुकाणू फिरवलं, शीड दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि होडी वळवून पुन्हा समुद्राकडे निघून गेला.

तुकाराम उठून उभा राहिला. मी भाईकडे बघितलं. तो कपातला गाळ बघत होता. मग त्याने पार्वतीकडे कप पुढे केला.

"वहिनी," तो म्हणाला, "च्या आसा आनी?"